मोगरा लावू की पारिजातक?



परवा मंदिरात स्वाध्याय संपला. आम्ही बायका बाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक सून जवळ आली. नवी वास्तू झाली आहे त्यांची. म्हणाली, "काकू, सगळीकडे फरशी घातली हो, एकाच झाडापुरती माती ठेवलीय. मोगरा लावू की पारिजातक?"

माझ्या तोंडावर 'मोगरा' आलंच होतं. पण शब्द काही बाहेर पडला नाही. तिला म्हटलं, "रविवारी ये, सांगते." घरी येऊन कुकर लावला, तरी डोक्यात तेच. आमच्या अंगणात ही दोन्ही झाडं चाळीस वर्षांपासून आहेत. एक माझं, एक सासूबाईंचं. त्यामुळे मला विचारलं तर उत्तर एका शब्दात कसं येणार!

१९८२ ला मी परभणीला बी.कॉम. झाले आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन वसमतला आले. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यातच होतं, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. सासरी मोंढ्यात हळदीची आडत. घरात, ओसरीवर, यांच्या सदऱ्याला, सगळीकडे हळदीचा वास. (आता २०२४ ला वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हे म्हणाले, "आपल्या सदऱ्याला आधीच मिळालं होतं.") गंमत अशी की ज्या हळदीवर घर चाललं, ती ओली हळद आमच्या स्वयंपाकघरात कधी आली नाही. कंद म्हणून वर्ज्य. वाळली, कुटली की मग चालते.

मी आले तेव्हा अंगणात पूर्वेच्या भिंतीला लागून पारिजातक होता. सासूबाईंनी लावलेला. त्यांना घरातले सगळे 'बाई' म्हणत, मीही तेच म्हणू लागले. पहिल्या दिवाळीला मी माहेराहून येताना आईच्या मोगऱ्याचं दाबकलम आणलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. बाईंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "याला पाणी फार लागतं, माय." तिथून आमच्या घरात झाडांच्या दोन बाजू पडल्या.

दोन्ही झाडं वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातली आहेत, ऑलिव्हच्या. हे मला माझ्या नातीच्या पुस्तकातून फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा हसूच आलं, कारण दोन जावांचे स्वभाव नसतील इतके यांचे स्वभाव वेगळे.

मोगरा उन्हाळ्याचा. आपल्याकडे मार्च सरता सरता कळ्या धरतो आणि जूनपर्यंत फुलतो. बाहेर अंगाची लाही होत असते आणि संध्याकाळी हा उमलत असतो. पण त्याचं सगळं लक्ष मालकिणीकडे. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडायचं, दहा-पंधरा दिवस अगदी ओढ द्यायची. मग छाटणी, जुनी पानं काढून टाकायची, मुळाभोवतीची माती हलकी करून कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येतं. ज्या बायका हळहळून कात्री लावत नाहीत त्यांच्याकडे नुसता पाला माजतो. ऊन रोज पाच-सहा तास तरी हवं. सावलीत ठेवला की हिरवागार दिसतो, फुलांच्या नावाने शून्य. एक बहर सरला की वाळलेल्या फुलाच्या खालून शेंडा खुडायचा, तिथूनच पुढच्या कळ्या येतात.

आणखी एक, आपल्या भागातल्या बायकांसाठी. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. अशा मातीत मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. लोक पाणी कमी झालं असं समजून अजून पाणी घालतात, त्याने आणखी बिघडतं. माझा मोगरा पहिली तीन वर्षं असाच कावीळ झाल्यासारखा होता. मग एका शेतकऱ्याने सांगितलं, तेव्हा खड्डा मोठा करून लाल माती आणि भरपूर कुजलेलं खत भरलं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी बादलीत धरून तेच देत गेले. चौथ्या उन्हाळ्यात पहिला खरा बहर आला.

मी हिशेबाची बाई. कॉमर्सला शिकलेलं दुसरीकडे कुठे वापरणार? दुकानाच्या जुन्या कीर्दवहीच्या कोऱ्या पानांवर मी फुलांची नोंद ठेवते. पहिली कळी कोणत्या तारखेला, बहर किती दिवस, फुलं किती. एका उन्हाळ्यात ६४० फुलं मोजली आहेत. हे मला चिडवायचे, "ताळेबंद जुळला का?" मी म्हणायचे, "पाण्याच्या बादल्या खर्चाला धरल्या तर तोटाच आहे."

पारिजातकाची नोंद मात्र मला कधी जमली नाही. मोजणार कशी? तो पाऊस सुरू झाला की पानांनी भरतो, श्रावण-भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत फुलतो. दिवस मावळताना उमलतो आणि उजाडेपर्यंत सगळं खाली टाकून मोकळा होतो. पांढरा सडा, केशरी देठ. त्याची फांदी चौकोनी असते, हात फिरवून बघा. पान तर पॉलिशच्या कागदासारखं खरखरीत. पूर्वी खरोखरच लाकूड घासायला ते वापरत. बी चपट्या, बदामाच्या आकाराच्या शेंगेत असतं, एकात दोन. ते पडतं, उगवतं, कुणी लक्ष दिलं नाही तरी वाढतं. मोगऱ्याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही, त्याची फांदी वाकवून मातीत दाबावी लागते, तेव्हा तो पुढे जातो.

पारिजातकाला काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, जागा लागते. चांगला दहा-बारा फूट वर जातो, त्याहून जास्तही. मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. बहर संपला की थोडी छाटणी केली तर आटोपशीर राहतो. उन्हाळ्यात पानं गाळतो आणि इतका वाळका, मरतुकडा दिसतो की नवख्या माणसाला वाटावं, गेला. नखाने फांदी खरवडायची, आत हिरवं दिसलं की निर्धास्त राहायचं.

बाईंचा पारिजातकावर जीव होता त्याचं कारण वेगळं होतं. त्याची फुलं तोडावी लागत नाहीत.

आपल्या घरांतून हे लहानपणापासून कानावर असतं की झाडालाही जीव आहे, एकेंद्रिय. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार आहे. विनाकारण माती उकरू नये, पाणी सांडू नये, झाडपाला तोडू नये, याला तिथे प्रमादचर्या म्हटलं आहे. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हे त्यांच्या हाताला माहीत होतं. जाता जाता कढीपत्त्याचं पान खुडून हुंगायची मला सवय होती. बाई काही बोलायच्या नाहीत, फक्त बघायच्या. ती सवय सुटायला मला दोन वर्षं लागली.

पहाटे झाडाखाली त्या जुनं धुतलेलं लुगडं अंथरायच्या. फुलं त्यावर पडायची. मग एक एक फूल उचलून हलकं झटकायचं, आत मुंगी-किडा असला तर तो तिथेच सोडायचा. आमच्या मंदिरात दोन्ही रीतींची माणसं आहेत. काही ताजी फुलं चढवतात, काही पुष्पाच्या जागी केशरी तांदूळ वाहतात. बाई माहेरच्या तेरापंथी. फूल चढवायचं नाही, पण तांदूळ तर रंगवायचे. मग त्यांनी काय करावं? पारिजातकाचे देठ वेगळे करून सावलीत वाळवायच्या, डबीत भरून ठेवायच्या आणि दशलक्षण पर्वाच्या आधी कोमट पाण्यात भिजवून त्या पाण्यात तांदूळ रंगवायच्या. केशरात जे रंगद्रव्य असतं त्याच जातीचं या देठांतही असतं. पूर्वी रेशीमसुद्धा यात रंगवत. बाईंना रसायन माहीत नव्हतं. त्या म्हणत, "गरिबाचं केशर आहे, पण देवाला फरक कळत नाही."

माझा मोगरा या हिशेबात बसायचा नाही. मोगरा तोडावाच लागतो. कळी संध्याकाळी खुडली तर रात्री उमलते, गजरा तिचाच. मी तर पहिल्या उन्हाळ्यात कौतुकाने माठात दोन फुलं टाकली होती. बाईंनी माठ रिकामा करायला लावला. गाळलेल्या पाण्यात फूल टाकलं, फुलाबरोबर किडा गेला, मग गाळलं कशाला? मला तेव्हा फार लागलं होतं. रडलेसुद्धा न्हाणीघरात. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं, पण सांगण्याची पद्धत जरा मऊ असती तर बरं झालं असतं.

आता जे सांगायचं आहे ते मी फार कमी जणींना सांगितलं आहे.

ज्यांच्या दारात पारिजातक आहे त्यांना माहीत असेल, पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात. झुंडीने. खोडावर, पानांच्या मागे चिकटून बसतात, आणि केस नुसते अंगाला लागले तरी आग आणि खाज. याच कारणाने कितीतरी लोक हे झाड तोडून टाकतात.

१९८८ चा श्रावण. माझा मुलगा तीन वर्षांचा. झाडाखाली खेळत होता, रात्री अंगभर पुरळ, डोळे सुजलेले, पोर झोपेना. डॉक्टरांनी औषध दिलं, मलम दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, कारण दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही ते केस लागलेले. मी बाईंना म्हटलं, "बाई, झाड तोडा नाहीतर काहीतरी मारा त्यांच्यावर." बाई म्हणाल्या, "वीस-बावीस दिवसांची गोष्ट आहे. आपोआप जातात. लेकराला तिकडे जाऊ देऊ नको." मला त्यांचा इतका राग आला! त्यांना नातवापेक्षा किडे मोठे, असं वाटलं मला.

दोन दिवसांनी बाई शिरड शहापूरला दर्शनाला गेल्या, मल्लिनाथ भगवंतांच्या. आमच्यापासून जवळच, आपल्या जिल्ह्यातलंच क्षेत्र. मुक्कामाला राहणार होत्या. मी दुकानातून पावडर मागवली. तेव्हा गोदामांतून बीएचसी पावडर सर्रास असायची, लोक गॅमॅक्सिन म्हणत. १९९७ पासून आपल्या देशात तिच्यावर बंदी आहे, पण तेव्हा कुणी विचार करत नसे. तोंडाला पदर बांधून मी स्वतःच्या हाताने ती झाडावर उडवली. गड्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक साक्षीदार नको होता.

सकाळी उठले तर झाडाखाली सडा होता. पहिलीच फुलं धरली होती त्या वर्षी, थोडीशी, आणि त्या फुलांमध्ये ते सगळे. काही अजून वळवळत होते. मी खराट्याने झाडायला गेले आणि हात चालेना. किती होते ते मोजले नाहीत. सगळ्याची नोंद ठेवणारी मी, ती नोंद वहीत नाही.

झाडून, पाणी मारून सगळं स्वच्छ केलं. बाई आल्या. झाडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. त्या वर्षी त्यांनी लुगडं अंथरलं नाही. फुलं पडत राहिली, वाळत राहिली. दशलक्षणात तांदूळ रंगवले ते आदल्या वर्षीच्या डबीतल्या देठांनी. आमच्यात त्यावर एक शब्द नाही. मी रोज वाट बघायचे, आज बोलतील, आज बोलतील. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

क्षमावाणीचा दिवस आला. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपण घरोघर जाऊन हात जोडतो, तोंडाने 'उत्तम क्षमा' म्हणतो आणि बहुतेक वेळा मनात दुसरंच काही चालू असतं. मी बाईंच्या पाया पडले आणि मला पुढचं बोलवेना. कसंबसं सांगितलं. पावडर मी टाकली.

बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. पानांवर पांढरं दिसलं होतं."

मग जरा वेळाने म्हणाल्या, "मलाही तुझी क्षमा मागायची आहे. लेकरू रात्रभर रडत होतं आणि मी झाडाचंच बघत बसले."

एवढंच. मग त्या चहा ठेवायला उठल्या. पण त्यानंतर आमच्या दोघींच्या बोलण्यात काहीतरी सैल झालं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला, तोच मी आजवर पाळते. सुरवंट दिसले की कपड्यांची दोरी गच्चीवर. लेकरांना ते तीन आठवडे मागचं अंगण बंद. झाडाच्या बाजूच्या खिडकीला जुन्या ओढणीचा पडदा. बाईंनी मला एक गोष्ट दाखवली, जी त्याआधी मी पाहूनही पाहिली नव्हती: हे सुरवंट पोटभर खाऊन झाले की स्वतःच झाडावरून उतरून निघून जातात, कोश करायला. पानं खाल्लेल्या फांद्या पावसात पुन्हा फुटतात. झाडाचं फार काही बिघडत नाही. सोसायचं असतं ते आपल्यालाच, तीन आठवडे.

मोगऱ्याच्या बाबतीत मला अजून पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, ते खरं सांगते. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक लाल कोळी येतात, जाळी करतात. कळीत अळी शिरते. मी काय करते, छाटणी वेळेवर करून झाड मोकळं, हवेशीर ठेवते म्हणजे मुळात कीड कमी धरते. लिंबोळी पेंड मातीत घालते. अळी लागलेल्या कळ्या दिसल्या तर खुडून लांब, कडेला नेऊन ठेवते. त्या कळीबाहेर अळी जगते की नाही, मला माहीत नाही. बाई असत्या तर त्यांनी फक्त बघितलं असतं.

खताचंही सांगून ठेवते. रोपवाटिकेत मोगऱ्यासाठी हमखास बोनमील सुचवतात. बिचाऱ्या नव्या मुली नाव इंग्रजी म्हणून घेऊन येतात. तो हाडांचा चुरा असतो, घेऊ नका. शेणखत आणि शेंगदाण्याची किंवा लिंबोळीची पेंड यावर मोगरा उत्तम फुलतो, माझी वही साक्षीला आहे. गांडूळखताबद्दल आमच्या मंडळात दोन तट आहेत आणि मी त्या वादात पडत नाही.

बाईंनी मोगऱ्याला कधी हात लावला नाही, असं वाटेल तुम्हाला. तसं नाही. १९९१ ला सासरे गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी खुडलेल्या कळ्या घेऊन गजरा करत बसले होते. माझे गजरे नेहमी सुटायचे. बाई जवळ बसल्या, दोरा माझ्या हातातून घेतला आणि असा घट्ट, एकसारखा गजरा ओवला की मी बघतच राहिले. म्हणाल्या, "माझ्या माहेरी मोगऱ्याची रांग होती." नऊ वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. गजरा त्यांनी माझ्या केसांत माळला आणि बोटं हुंगत हुंगत आत गेल्या. चातुर्मासात मी फुलं माळत नाही, पण तोपर्यंतच्या उन्हाळ्यात बाईंनी पुढे कितीतरी वर्षं गजरा ओवून दिला. शिरड शहापूरला जाताना मी एकदा म्हटलं होतं, "बाई, तुमच्या मल्लिनाथांच्या नावातच मल्ली आहे, मल्लिका म्हणजे माझा मोगरा." श्वेतांबर परंपरेतल्या कथेत तर राणी प्रभावतीला फुलांचे डोहाळे लागतात. बाई म्हणाल्या, "असू दे. लांछन कलश आहे ना? म्हणजे पाणी जपून वापर."

पाणी जपायची वेळ खरंच आली. २०१६ चा उन्हाळा तुम्ही कुणी विसरला नसाल. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते याच वर्षी. आमचा बोअर आटला, टँकर आठवड्याने यायचा. बाई ऐंशीच्या. टँकरचं पाणीही गाळून घ्यायचं, त्यात तडजोड नाही. प्रश्न पडला तो जिवाणीचा. गाळल्यावर फडक्यावर राहतं ते ज्या पाण्यातून आलं त्यातच परत सोडायचं, ही आपली रीत. विहीर, बोअर असतं तेव्हा ठीक. टँकरचं कुठे सोडणार? बाईंनी एका छोट्या लोट्यात ती जिवाणी ठेवली आणि टँकरवाल्या पोराला म्हणाल्या, "बाळा, जिथून भरतोस त्या विहिरीत एवढं ओत." तो पोरगा आधी हसला. मग लोटा सीटपाशी नीट उभा करून घेऊन गेला, आणि पुढच्या वेळी रिकामा लोटा परत आणला. प्रत्येक वेळी ओततच असेल की नाही, कोण जाणे. पण लोटा परत यायचा.

त्या उन्हाळ्यात झाडांना पाणी म्हणजे डाळ-तांदूळ धुतलेलं, तेही एक तांब्या. दोन्ही झाडांना पुरणार नव्हतं. मोगरा ऐन बहरात, पाण्यावाचून कळ्या सुकायला लागलेल्या. पारिजातक नेहमीसारखा वाळका. मी रोज तांब्या घेऊन मधे उभी राहायचे. मी मोगऱ्यालाच घालणार, हे मलाही माहीत होतं, आणि त्याचीच लाज वाटायची. शेवटी बाईच खाटेवरून म्हणाल्या, "तुझ्याला घाल. माझ्याला सवय आहे."

मोगरा वाचला, पण अर्धा वाळला. त्या वर्षी वहीत ३८ फुलं आहेत. पारिजातकाकडे मृगाच्या पावसापर्यंत कुणी पाहिलं नाही. जूनच्या शेवटी मी भीत भीत फांदी नखाने खरवडली. हिरवी होती. भाद्रपदात बाईंना धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं. लुगडं मी अंथरलं, फुलं मी झटकली. त्या एकेक फूल हातात घेऊन देठ वेगळा करत होत्या. बोटं थरथरत होती, पण एक देठ तुटला नाही.

२०१९ ला बाई गेल्या. शेवटचे देठ असलेली डबी माझ्याकडे आहे, ती मी वापरत नाही. दर वर्षी नवी भरते.

हो, एक राहिलं. पारिजातकाच्या पानांच्या काढ्याचं. २००६ ला चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा आमच्याकडे पानं मागायला मोंढ्यातले हमाल, आडते, सगळे यायचे, सांधे धरलेले. बाईंचा एकच नियम होता, सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावायचा नाही. रात्री आलेल्यांना सकाळी बोलवायच्या, आणि सकाळी स्वतः मोजून पानं द्यायच्या. त्याबरोबर डॉक्टरांच्या गोळ्याही घ्या म्हणून सांगायच्या. काढा अतिशय कडू असतो.

तर रविवारी ती सून आली. मी तिला झाड कोणतं ते सांगितलंच नाही, आधी विचारलं, "ऊन किती वेळ येतं?" म्हणाली, पूर्वेला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत आहे, दुपारी दोन-तीन तास येतं तेवढंच. "पाणी?" नळ चार-पाच दिवसांआड. "लेकरं?" एक दीड वर्षाचा, एक पाचची.

ऊन आणि पाणी पाहिलं तर पारिजातक. लेकरं पाहिली तर मोगरा. मी तिला सुरवंटांचं सगळं सांगितलं, पावडरीचंसुद्धा. ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "तीनच आठवडे ना काकू?"

आमच्या झाडाखाली बी पडून उगवलेलं एक रोप होतं, वीतभराचं. मुळाशी मातीचा गोळा धरून ते काढून दिलं. भिंतीपासून चार-पाच हात लांब लाव म्हटलं, आणि कपड्यांची दोरी आत्ताच गच्चीवर बांधून घे. तिने रोप ओट्यावर ठेवलं, पर्समधून फोन काढला आणि नवऱ्याला विचारू लागली, गच्चीवर हुक मारायला कोण येईल. मी तोवर आतून मोगऱ्याची फांदी दाबलेली कुंडी आणली. अजून मुळं धरायला दोन महिने आहेत. ती तिच्या गच्चीत ठेवता येईल. तिथे ऊन असणारच.